भेट की भार?

॥ श्री सद्गुरू प्रसन्न ॥



दसरा झाला, कोजागिरीचं दूध झालं, आणि आता घरोघरी याद्या सुरू झाल्या. पुष्य नक्षत्राच्या जाहिराती रोज सकाळी पेपरातून अंगावर पडतायत. आपल्या माळव्यात दिवाळीच्या आधीचं पुष्य नक्षत्र म्हणजे खरेदीचा मुहूर्त. व्यापारी त्या दिवशी नव्या वह्या आणतात. आता मिक्सरपासून गाडीपर्यंत सगळं त्याच दिवशी घ्या असं आपल्याला सांगतात. 2022 च्या ऑक्टोबरात महाकाल लोक सुरू झाल्यापासून गोपाल मंदिर, छत्री चौक, पटनी बाजार या बाजूला सणाच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, त्यात 2028 च्या सिंहस्थासाठी चाललेली रस्त्यांची कामं. पण तो शीण घरी येऊन चहा घेतला की जातो. जात नाही तो दुसराच. नणंदेला मागच्या वर्षी काय दिलं होतं, तिने आपल्याला काय दिलं, धाकट्या जावेला कमी तर वाटणार नाही ना, पुण्याहून येणाऱ्या कुरिअरपुढे आपली पिशवी कशी दिसेल. सत्संगानंतर सतरंज्या गुंडाळताना आम्हा सेवेकरी बायकांचं हेच बोलणं चालतं. म्हणून या वेळी त्याचाच विचार करू या, की देताना मनात आकडा असेल तर ती भेट राहते का?

पटकन आठवते ती गीता. सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही अशाला, योग्य जागी, योग्य वेळी, द्यायला हवं म्हणून दिलेलं ते सात्त्विक. बदल्यात काही मिळावं म्हणून, किंवा मनाला क्लेश होत दिलेलं ते राजस. तिसरं तामस, त्याची गरज आपल्याला इथे नाही. यातला 'परिक्लिष्ट' हा शब्द आपल्या दिवाळीच्या यादीला इतका चपखल बसतो की वाचताना हसू येतं. म्हणजे आपल्या साऱ्या पिशव्या राजस, आणि विषय संपला?

आम्हाला वाटतं, इतकं सोपं नाही. तो विचार दानाचा आहे. नणंदेची साडी हे दान नव्हे, आणि तसं म्हटलेलं वन्संना चालणारही नाही! घरातलं देणं हे 'देणंघेणं' असतं, दोन्ही शब्द जोडून. घेणंच नको म्हटलं तर नात्यातली येजाही हळूहळू थांबते. जुन्या घरांत लग्नाच्या आहेराची वही असायची. कुणी पाच रुपये, कुणी खण, कुणी पितळेचं पातेलं, सगळं नावासकट लिहिलेलं. आजच्या मुलांना ती वही म्हणजे चिकटपणा वाटतो. पण एका घरात कार्य निघालं की पन्नास घरांनी थोडं थोडं घालून ते उभं करायचं, पुढे त्या पन्नासांत कुणाचं निघालं की आपण जायचं, असा तो मामला होता. एक प्रकारची भिशीच म्हणा. हिशोब होता, पण तो एकमेकांना तोलून धरण्यासाठी होता.

मग बिघडलं काय? एक तर ती वही ट्रंकेत असायची, कार्य निघालं की बाहेर यायची. आता ती डोक्यात असते आणि बारा महिने उघडी असते. दुसरं, पूर्वी घेणाऱ्याला वस्तूची नेमकी किंमत कळत नसे. आज डब्यावरचं लेबल खरवडून काढलं तरी फोनवर दोन मिनिटांत भाव दिसतो, आणि सेलमध्ये घेतलंय का तेही कळतं. (सोनपापडीच्या डब्याबद्दल काही लिहीत नाही. तो कोणत्या घरातून निघाला आणि किती घरं फिरून आला हे त्या डब्यालाच ठाऊक.)

आपल्या गावाला या बाबतीत एक मोठी गोष्ट लाभली आहे. कृष्ण आणि सुदामा शिकले ते इथेच, सांदीपनींच्या आश्रमात. त्या भागाला अंकपात म्हणतात. कृष्ण आपल्या पाटीवरचे अंक तिथे धूत असे अशी श्रद्धा आहे. पुढे सुदामा द्वारकेला गेला ती कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे, पण त्यातल्या दोन जागा दिवाळीच्या आधी पुन्हा बघण्यासारख्या आहेत. भागवतात सुदाम्याच्या बायकोने शेजारून चार मुठी पोहे मागून आणले आणि फडक्यात बांधून दिले. म्हणजे ती भेटही उधारीचीच होती. आणि तिथे पोचल्यावर सुदाम्याला ती काढून द्यायचा धीर होईना. वैभव पाहून त्याने मान खाली घातली. प्रेमात काही कमी नव्हतं, त्याला लाज वाटली ती पुरचुंडीची. ती लाज मोडली कृष्णाने. पुरचुंडी त्याने स्वतः ओढून घेतली आणि मूठभर पोहे तिथेच खाल्ले. दुसरी जागा याहून महत्त्वाची. कृष्णाने त्याला निघताना हातात काही दिलं नाही. सुदामा रिकाम्या हाताने परतला, आणि जे मिळालं ते घरी पोचल्यावर कळलं. 'तू पोहे दिलेस, हा घे महाल' असं तोंडावर झालं असतं तर सुदामा पुन्हा त्या दारात मित्र म्हणून उभा राहू शकला असता का?

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. तीन भाऊ. एक बंगलोरला आयटीत, एक इंदूरला नोकरीत, तिसरा इथे फ्रीगंजात शिकवण्या घेतो. बंगलोरचा दादा दर दिवाळीला पुतण्यांना भारी घड्याळं, वहिनींना महागाच्या साड्या पाठवतो. मन मोठं आहे त्याचं, यात शंका नाही. पण शिकवण्या घेणाऱ्याच्या घरी पार्सल उघडल्यावर मुलं नाचतात आणि नवराबायको एकमेकांकडे बघतात. आता आपण काय पाठवायचं? वस्तूबरोबर बिलही आलेलं असतं, फक्त तारीख पुढची. मग क्रेडिट कार्ड निघतं. काही कार्डांवर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्के लागतात, म्हणजे वर्षाला 42. 'शून्य टक्के हप्ता' म्हणतात त्याबद्दल तर रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. पैसा दुसऱ्या कुठल्या तरी नावाने वसूल होतो.

या घरात 'यंदा भेटी नकोत' असं कुणी म्हणायचं? धाकट्याने म्हटलं तर तो कंजूस ठरतो, किंवा त्याची अडचण सगळ्यांच्या चर्चेचा विषय होते. त्यातलं काहीच त्याला परवडणारं नाही. इंदूरचाही गप्प बसतो. म्हणू शकतो तो एकटा दादा. आमचं मत स्पष्ट आहे की पायरी उतरायची ती वरच्याने. खालच्याला टाचा उंच करायला लावायच्या आणि वर 'तुमचं काय, मनाला येईल ते द्या' म्हणायचं, हा मोठेपणा नव्हे.

आपल्या रिवाजात याची वाट आहेच. लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ छापायला लागले ते घेणाऱ्या बाजूचे लोक. देणारा ती छापू शकत नाही. दसऱ्याला आपण आपट्याचं पान देतो. बंगल्यातला देतो तेही पान, चाळीतला देतो तेही पान, आणि दोघंही त्याला सोनंच म्हणतात. संक्रांतीच्या सुगडात हरभरे, बोरं, गव्हाच्या ओंब्या, उसाचे तुकडे, सगळं त्या हंगामातलं. तिथेही आता घाऊकमध्ये आणलेले प्लॅस्टिकचे डबे शिरलेत, तो वेगळा लेख होईल.

कुणी म्हणेल, ज्याच्याकडे आहे त्याने प्रेमाने दिलं तर हात का आखडायचा? आखडू नका. आईच्या औषधांचा खर्च उचला, पुतणीच्या कॉलेजची फी परस्पर भरा. जिथे परत देण्याचा रिवाज नाही, तिथे मोकळ्या हाताने द्या. हेही नाजूकच आहे, हे मान्य. उद्या कळलं तर दुखावू शकतं. धाकट्या भावाला आधी विचारावं की नकळत करावं, यावर आमच्यातही एकमत झालं नाही.

दिवाळसणाचं मात्र सरळ बोलायला हवं. मुलीच्या आईबापांनी जावयाला अंगठी द्यावी की कपडे, यावर रात्र-रात्र बोलणी होतात. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा. 1984 च्या दुरुस्तीनंतर त्यात लग्नातल्या भेटींबद्दल म्हटलं आहे की त्या न मागता दिलेल्या असाव्यात, त्यांची यादी ठेवावी, आणि मुलीकडून जाणाऱ्या भेटी रिवाजाच्या आणि देणाऱ्याच्या ऐपतीबाहेर नसाव्यात. लग्नानंतरही लग्नाच्या संबंधाने मागितलेलं हुंड्यातच मोडतं. 'आमच्याकडे तसं काही नाही हो, पण थोरल्या सुनेच्या माहेराहून आलं होतं' हे वाक्य मागणीच आहे, कितीही गोड आवाजात म्हटलं तरी. ज्या आम्ही मुलाच्या आया आहोत, त्यांनी सणाच्या महिनाभर आधी विहीणबाईंना फोन करून सांगावं, 'ताई, दोघांना जेवायला बोलवा आणि तुमच्या हातच्या करंज्या द्या, बाकी काही आणलंत तर मला बरं वाटणार नाही.' आणि आणलंच तर कपाळाला आठी पडू देऊ नये.

एक राहिलं. काटकसर करायची ती जावा-नणंदांत, भावाभावांत, एकमेकांना सांगून. धुणंभांडी करणाऱ्या बाईची दिवाळी, दूधवाल्याचं, वॉचमनचं, घंटागाडीवाल्यांचं यातून कापायचं नाही. ते आपल्याकडे परत काही पाठवणार नाहीत, आणि गीतेचा तो श्लोक त्यांच्या बाबतीत सरळ लागू आहे.

घरात जो थोरला किंवा ज्याचं बरं चाललंय, त्याने फोन करायचा आहे. सांगायचं एवढंच, 'यंदा मोठ्यांना काही नको, मुलांना एकेक पुस्तक, आणि भाऊबीजेला सगळ्यांनी एकत्र जेवायचं.' मात्र वसुबारसेची वाट पाहू नका. तोवर बहुतेकांच्या साड्या आणून झालेल्या असतात.