अडकित्ता आणि फिनाइलची बाटली

वृद्धाश्रमात नवे माणूस आले की आधी त्याची पिशवी उघडली जाते. सुई-दोरा, अडकित्ता, दाढीचे ब्लेड, काडेपेटी, कापराची डबी, गोळ्यांच्या पट्ट्या बाजूला निघतात आणि ऑफिसच्या कपाटात जातात. मुलगा फॉर्मवर सही करतो. ज्याच्या वस्तू गेल्या, त्याला बहुधा कोणी काही विचारत नाही.

सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पिढ्यानुपिढ्या राहतात. मागच्या पिढीतल्या कित्येकांनी उभी हयात डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये काढली. कॉस्टिकचे ड्रम हलवले, हायड्रोची भुकटी हाताळली, वाफाळत्या मशीनपाशी रात्रपाळ्या केल्या. ज्या हातांवर शेटजींनी आयुष्यभर कॉस्टिक सोपवले, त्या हातांवर म्हातारपणी आपण साधा वस्तरा सोपवत नाही. हे मला खुपते.

तरीही आश्रम चालवणाऱ्यांची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. साठीपुढच्या दर शंभर भारतीयांमागे सातांहून अधिक जणांना डिमेन्शिया असावा, म्हणजे देशभरात सुमारे 88 लाख, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला आहे. हा आजार बळावला की कपाटातली डांबरगोळी आणि पेपरमिंट यांतला फरक पुसला जातो. पांढरी, गोल, गार वासाची गोळी तोंडात जाते, आणि तिच्यातले नॅप्थलीन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडू शकते. दाराशी दिवसभर बसून राहणारा पहारेकरी हे थांबवू शकत नाही. कपाटात डांबरगोळी न ठेवणे एवढाच उपाय.

पण ती डांबरगोळी तिथे ठेवली कोणी? आजीने नव्हे. प्रश्न मला इथून सुरू झालेला दिसतो. ऑगस्ट 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन मातेओ इथल्या एका वृद्धनिवासात तीन रहिवाशांना फळांचा रस म्हणून भांडी धुण्याचे द्रव दिले गेले आणि 93 वर्षांच्या एका बाईंचा त्यात जीव गेला. ते द्रव पेयाच्या जगमध्ये कर्मचाऱ्यानेच ओतून ठेवले होते. आपल्याकडे तर हे रोजचेच. फिनाइल कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत, संडास धुण्याचे ॲसिड पाण्याच्या बाटलीत, आणि बाटली मोरीच्या कडेला. खरेदीदाराची ओळख आणि कारण नोंदवल्याशिवाय ॲसिड विकू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये, ॲसिडहल्ला सोसलेल्या लक्ष्मी यांच्या खटल्यात सांगितले. दुकानातून निघालेली बाटली घरात किंवा आश्रमात कुठे ठेवायची, ते मात्र आपल्यालाच ठरवायचे आहे. अडकित्ता जप्त करणाऱ्या संस्थेने आधी आपली मोरी तपासावी. धोकादायक वस्तूंपैकी पुष्कळशा वस्तू रहिवाशांच्या नसतातच, त्या आपल्या सोयीच्या असतात.

दिवेलागणीची गोष्ट घ्या. खोलीत निरांजन लावायचे नाही, हा नियम बहुतेक ठिकाणी असतो आणि तो मला पटतोही. पण आजींच्या अंगावरची साडी कुणी पाहते का? सुरत हे पॉलिस्टरचे शहर. स्वस्त, धुवायला हलकी, लवकर वाळणारी साडी म्हणून आश्रमांत तीच वाटली जाते, दान म्हणूनही तीच येते. सुती पदरही पेटतो, पण पॉलिस्टर पेटताना वितळते आणि कातडीला चिकटते. आजींना देवापुढे दिवा लावायचा असेल तर पदर खोचलेला असावा, दिव्यावर काचेची चिमणी असावी आणि वात विझेपर्यंत कोणीतरी शेजारी बसावे. दहा मिनिटांचे काम. तेवढ्यासाठी माणूस मोकळा नाही, म्हणून आपण दिवाच बंद करतो आणि त्याला सुरक्षा म्हणतो.

मनुष्यबळ कमी आहे हे कारण पुरेसे नाही, हे कायद्यानेही एका ठिकाणी स्पष्ट लिहिले आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 97 सांगते की केवळ कर्मचारी अपुरे आहेत म्हणून रुग्णाला बांधून ठेवता येणार नाही; एकटे कोंडणे तर कोणत्याच कारणाने चालणार नाही. हे कलम मनोरुग्णांच्या आस्थापनांसाठी आहे. त्यातला विवेक प्रत्येक वृद्धाश्रमाने घ्यावा. कुलूप स्वतःच धोका होऊ शकते, हे सुरतकरांना वेगळे सांगायला नको. 24 मे 2019 रोजी सरथाण्याच्या तक्षशिला इमारतीला लागलेल्या आगीत 22 मुले गेली, कारण बाहेर पडायला धड वाट नव्हती. रात्री मजल्याला बाहेरून कुलूप लावणाऱ्यांनी ते विसरू नये.

एका बाबतीत मी कसलीही ढिलाई मान्य करणार नाही. ज्याच्या मनात जीव द्यायचा विचार घोळतो आहे, त्याच्या हाताशी विष, ब्लेड, गोळ्यांचा साठा असताच कामा नये. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि दहा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. हात आणि विष यांच्यातले थोडे अंतरही माणसाला परत आणते. मात्र त्या माणसाची वस्तू काढून घेतली की काम संपत नाही. त्याला डॉक्टर हवा, बोलायला कोणीतरी हवे. आणि त्या एकासाठीचा नियम उरलेल्या चाळिसांवर लादला, तर बाकीचे उगाच कैदी होतात.

नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमजवळ वेस्प इथे होगेवेक नावाची वस्ती 2009 पासून चालते. तीव्र डिमेन्शिया असलेली माणसे तिथे सहा-सात जणांच्या घरांत राहतात, आणि त्याच घरच्या स्वयंपाकघरात, मदतनिसांच्या सोबतीने, रांधणे होते. तो खर्च आपल्याला झेपणारा नाही. पण भाजी निवडायला देणे, दोरा ओवून सुई हातात देणे, न्हाव्याऐवजी स्वतः दाढी करू देणे आणि ब्लेड मोजून परत घेणे, याला किती पैसे लागतात?

वाचकहो, तुमचे कोणी अशा संस्थेत असेल तर पुढच्या भेटीत व्यवस्थापकांना तीन गोष्टी विचारा: फिनाइल कुठे ठेवता, रात्री किल्ली कोणाकडे असते, आणि आमच्या माणसाकडून काढून घेतलेल्या वस्तूंचा पुन्हा विचार कधी करणार? मग आपल्या माणसापाशी बसा आणि त्यातली कोणती वस्तू परत हवी आहे, ते त्यालाच विचारा.