हात धुणे हीसुद्धा सेवाच



मिस्साबलिदानात अर्पणविधीच्या वेळी धर्मगुरू हात धुतात, हे आपण दर रविवारी पाहतो. पिलातानेही हात धुतले होते, पण जबाबदारी झटकण्यासाठी! धर्मगुरू हात धुतात ते पवित्र कार्य हाती घेण्यासाठी. आजाऱ्याची सेवा करणाऱ्यानेही तसेच हात धुवावेत.

परळ-लालबागच्या घरांतून आणि वृद्धाश्रमांतून अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांचे सारे काही मावशी, सिस्टर, मुली-सुना करतात. हातमोजे घातले की झाले, असे आपल्याला वाटते. पण एका आजोबांचे डायपर बदललेल्या मोज्यांनीच शेजारच्या आजींना भरवले, तर मोजे आपल्याला जपतात, आजींना नाही. म्हणून प्रत्येकासाठी नवे मोजे हवेत. ते घालण्यापूर्वी व काढल्यावर हात स्वच्छ करायलाच हवेत. साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद पुरतात.

१८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले.

घरी येणाऱ्या मावशींना साबण, मोजे आणि हात धुण्यापुरती उसंत देणे हे आपले कर्तव्य आहे. मोजे वाचवायला सांगणे ही काटकसर नव्हे.

प्रभू येशूने कुष्ठरोग्याला हात लावला, तो त्याला बरे करण्यासाठी. ज्या हातांवर आपण ख्रिस्तशरीर स्वीकारतो, त्या हातांनी कोणाही दुबळ्याला आजार न देवो, अशी प्रार्थना करूया. आमेन.