क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ

आमच्या चंद्रपूर-वणीच्या कोळसा पट्ट्यात पाट्यांवर ‘क्षेत्र’ हा शब्द जागोजागी दिसतो. वणी क्षेत्र, बल्लारपूर क्षेत्र. तीस वर्षं मी इथल्या खुल्या खाणींत सर्व्हेअर होतो. रोज पहाटे ज्ञानेश्वरी वाचतो, आणि तेरावा अध्याय लागला की माझ्या डोळ्यांसमोर पायरी-पायरीनं खोल गेलेली खाणच येते. देह हे क्षेत्र, त्याला जाणणारा क्षेत्रज्ञ. मग या काळ्या क्षेत्राचा क्षेत्रज्ञ कोण?

ड्रोन आल्यापासून हा प्रश्न मला सोडत नाही. कोळशावरची माती आणि दगड, म्हणजे ओबी, काढून रचलेला ढीग मोजायला आम्ही टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र खांद्यावर घेऊन उन्हात दिवसचे दिवस फिरायचो. ड्रोन एका उड्डाणात शेकडो फोटो घेतो. त्यांतून संगणक आख्खा ढीग पडद्यावर उभा करतो, घनमीटर सांगतो. जुन्या घसरणींवरून शिकलेला प्रोग्राम उताराची हालचाल ताडतो आणि धोक्याची जागा लाल रंगवतो. 29 डिसेंबर 2016 रोजी झारखंडच्या राजमहल खाणीत ढिगारा कोसळून 23 कामगार गेले. असा लाल डाग एक जीव जरी वाचवत असेल, तरी त्याला माझा नमस्कार.

पण डाग म्हणजे ज्ञान का?

एका पावसाळ्यात ढिगाच्या काठावर केसाएवढी भेग दिसली. आमच्या चेनमननं, म्हणजे मोजणीतल्या मदतनिसानं, तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या, भेगेवर चुना ओढला. सकाळ-संध्याकाळ तो टेपनं अंतर मोजायचा. तिसऱ्या दिवशी चुना फाटलेला दिसला, तसा तो पळत आला, “साहेब, खाली पोरं हायेत!” मोजलेलं अंतर त्यानं नंतर सांगितलं.

ज्ञान कशाला म्हणावं हे सांगताना तेरावा अध्याय अमानित्व, अहिंसा, क्षमा, आर्जव असे गुण मोजतो. अहिंसेपाशी ज्ञानदेव किती वेळ थांबतात! पायाखाली सूक्ष्म जीव असतील म्हणून जपून पाऊल टाकणारा माणूस ते दाखवतात. जे कळल्यावर आपलं पाऊल बदलतं, ते ज्ञान, असं मी त्यातून शिकलो. चेनमनला भेग कळली होती.

गेल्या पावसाळ्यात माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीच्या पडद्यावर लाल डाग उमटला. तिनं मला फोन केला, “काका, प्रोग्राम चुकतही असेल. काय करू?” मी म्हटलं, “नकाशावर सही कोणाची?” नकाशाच्या अचूकतेला कायद्यानं सर्व्हेअर जबाबदार असतो. ती भर पावसात ढिगावर गेली, बोटानं भेग चाचपली आणि खालचे डंपर थांबवायला लावले.

ढीग कोसळला नाही. उत्पादन का बुडवलं, असा लेखी खुलासा मात्र तिला द्यावा लागला. ती म्हणाली, “काका, उद्या पुन्हा लाल दिसलं तर पुन्हा थांबवीन.”

खुलाशाखाली तिची सही आहे. ड्रोनला कोणी खुलासा मागत नाही, आणि मागून उपयोगही नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या सहीत मिळालं.