नागोबाच्या घरची सून

पौष अमावास्येच्या रात्री केसलापुरात नागोबाची महापूजा उरकते आणि मग सुनांची पाळी येते. आदिलाबाद जिल्ह्याच्या इंद्रवेल्ली मंडलातलं हे गाव एरवी चारचौघांसारखंच खेडं; पण त्या रात्री राजगोंडांच्या मेश्राम कुळाची माणसं तेलंगणातून, विदर्भ-मराठवाड्यातून, पार छत्तीसगडातून येऊन तिथं जमलेली असतात. मागच्या जत्रेनंतर या कुळात लग्न होऊन आलेल्या मुली पांढरी लुगडी नेसून, पदर तोंडावर ओढून, घरच्या वडीलधाऱ्या बायकांच्या मागोमाग देवळाकडे निघतात. आधी नागोबापुढे आणि मग कुळातल्या थोरामोठ्यांपुढे त्यांना उभं केलं जातं. विधीचं नाव भेटी. ती झाल्याशिवाय सुनेनं कुळाच्या देवपूजेत हात घालायचा नाही, असा दंडक आहे. झाली की ती पुरती मेश्रामांची.

माणूस देव का मानतो, हा प्रश्न निघाला की बोलणं हमखास विश्वाच्या उत्पत्तीकडे वळतं. हे सगळं कुणी घडवलं, त्याला पुरावा काय, विज्ञान काय म्हणतं. केसलापुरात त्या रात्री यातलं काही कुणी विचारत नाही. नव्या सुनेला आजेसासऱ्यांच्या पाया पडायला नेतात, तेव्हा त्यांच्या असण्याची खात्री करून घ्या असं तिला कुणी सांगत नाही. नागोबापुढेही ती तशीच जाते. देव मानायचा की नाही हे ठरवायच्या आधीच तो नात्यातला झालेला असतो. श्रद्धेचं मूळ शोधायचं तर ते तर्काच्या आधी इथं शोधावं लागतं.

अर्थात भीतीचं उत्तर फार जुनं आहे, आणि खोटं नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं 1757 साली लिहिलं की धर्म उगवला तो उद्याच्या चिंतेतून, भय आणि आशा यांच्या हेलकाव्यांतून. पुढं मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्कीनं पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिअँड बेटांवर त्याचा जणू पडताळा घेतला. तिथले कोळी खाडीच्या शांत पाण्यात जाळं टाकताना कसले मंत्र म्हणत नसत. होडी खुल्या समुद्रात घालायची वेळ आली की मात्र विधी सुरू होत. जिथं हातचं कौशल्य पुरतं तिथं देवाला साद नाही, जिथं ते तोकडं पडतं तिथं आहे. आदिलाबादच्या कोरडवाहू कापूसवाल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. गोंडांच्या गावात पावसाळ्याच्या तोंडाला आखाडी होते, रानात गुरं चरायला सोडण्याआधी देवांचं देणं दिलं जातं. पाऊस, वाघ, साप, रोगराई यांतलं काहीच माणसाच्या हुकमतीत नसताना हा सण बसला.

अलीकडचे मानववंशशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ आणखी एक पायरी खाली उतरतात. स्टुअर्ट गथ्री, जस्टिन बॅरेट यांच्यासारख्या अभ्यासकांचं म्हणणं असं की माणसाचा मेंदू हालचालीमागे कुणीतरी आहे असं धरून चालायला तयार झालेला आहे. मराठी वाचकाला यासाठी दूर जायची गरज नाही, आपल्याकडे रज्जुसर्पाचा दृष्टांत आहेच. अंधारात दोरी पडलेली असते आणि माणूस साप म्हणून दचकतो. वेदान्त्यांनी तो भ्रमाचं उदाहरण म्हणून वापरला. हे अभ्यासक त्याच भ्रमाचा हिशेब मांडतात: दोरीला साप समजलं तर नुसती एक उडी वाया जाते, सापाला दोरी समजलं तर जीव जातो. म्हणून पिढ्यानपिढ्या दचकणारेच जगले, आणि रिकाम्या जागी कुणीतरी असल्याची जाणीव त्यांच्याबरोबर आपल्यापर्यंत आली.

युक्तिवाद देखणा आहे. पण केसलापुरात तो अर्ध्या वाटेवर थांबतो, कारण इथला देव साक्षात नाग आहे. सापाची भीती माणसाला पळायला शिकवते. सापाच्या भेटीला सुना न्यायला ती शिकवत नाही. भीतीपासून भेटीपर्यंतचं अंतर कशानं तोडलं, ते पाहायचं तर अमावास्येच्या बरंच आधी मेश्रामांबरोबर चालायला लागावं लागतं.

जत्रेच्या पूजेला गोदावरीचं पाणी लागतं, आणि तेही मंचेरियाल जिल्ह्यातल्या जन्नारम मंडलात कलमडुगूजवळ हस्तिनामडुगू नावाचा नदीतला डोह आहे, तिथलंच. कुळाचा पुजारी कटोडा आणि त्याच्यासोबतची माणसं अनवाणी, रानवाटांनी, गावोगाव मुक्काम करत ते आणायला जातात आणि तसेच परत येतात. पाणी आणि नैवेद्य यांसाठी लागणारी मातीची भांडी सिरिकोंड्याच्या कुंभारांकडूनच घ्यायची, ही रीत. परतल्यावर सगळे केसलापूरच्या वडाखाली उतरतात. देवळाच्या आवारात कुळाच्या शाखांच्या 22 चुली मांडलेल्या असतात, आणि नैवेद्य त्यांवरच शिजतो. मग मेश्रामांच्या लेकी पाणी भरतात, जावई माती कालवतात आणि दोघं मिळून वारूळ उभं करतात. लग्न होऊन परक्या कुळात गेलेल्या लेकीला हे काम राखून ठेवलेलं आहे. ज्या कुणी ते ठरवलं असेल त्याला माणसाची चांगली पारख होती: सून आत येताना लेक तुटता कामा नये.

त्याच वडाखाली आणखी एक गोष्ट होते, जिच्याकडे जत्रेची छायाचित्रं काढणाऱ्यांचं फारसं लक्ष जात नाही. कुळातली जी वडीलधारी माणसं गेल्या वर्षात गेली, त्यांच्या नावानं तूम नावाचे विधी होतात. राजगोंडांच्या समजुतीप्रमाणे मेलेला माणूस विरून जात नाही, तो कुळाच्या मोठ्या देवाच्या, पेर्सा पेनच्या, सोबतीला जाऊन मिळतो. म्हणजे एकाच जत्रेत वर्षभरात आलेल्यांची भेट होते आणि गेलेल्यांची रवानगी. माणसं दरसाल वेगळी असतात. ज्याच्यापुढे ती येतात आणि ज्याच्या साक्षीनं जातात, तो मात्र तोच.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेमनं 1912 साली ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या गणचिन्हांवरून निष्कर्ष काढला होता की देवाच्या रूपानं समाज स्वतःलाच पूजतो. तो स्वतः त्या खंडात कधी गेला नव्हता, पण नागोबाची जत्रा त्याला दाखवली असती तर त्यानं ती आपल्या ग्रंथात घातली असती यात शंका नाही. तरी त्याच्या सूत्रात एक खोट आहे. मेश्राम माणूस कुळासाठी चालत नाही, तो नागोबासाठी चालतो. आणि नागोबासाठी चालतो म्हणूनच कूळ टिकतं. हा क्रम उलटा केला तर काय होतं, याचा एक मासला अमेरिकेत सापडतो. रिचर्ड सोसिस आणि एरिक ब्रेस्लर यांनी 2003 मध्ये तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या 83 सामुदायिक वसाहती तपासल्या. धार्मिक वसाहतींत पथ्यं, वर्ज्यं, त्याग जितके कडक, तितकी वसाहत जास्त वर्षं चालली. निधर्मी वसाहतींना मात्र तसल्या कडकपणाचा काही उपयोग झाला नाही. समाज टिकावा म्हणून अनवाणी चाला, असं सांगून माणसं फार काळ चालत नाहीत. ज्याच्यासाठी चालायचं तो खरा वाटावा लागतो.

आणि नागोबा खरा वाटत होता म्हणूनच सरकारलाही त्याच्या दारी यावं लागलं. 1940 साली जोडेघाटाला गोंडांच्या बंडाचा पुढारी कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. जल, जंगल, जमीन यांसाठीचं ते बंड कशामुळे पेटलं याचा अभ्यास निजाम सरकारनं क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या व्हिएन्नाच्या मानववंशशास्त्रज्ञाकडे सोपवला. मारलवाईत मुक्काम ठोकून त्यानं राजगोंडांच्या पुराणकथा आणि विधी टिपून घेतले. ही माणसं कचेरीत येत नाहीत, पण नागोबाला सगळी येतात, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याच्याच सूचनेवरून चाळीसच्या दशकात जत्रेत दरबार भरू लागला: अधिकाऱ्यांनी केसलापुरात बसायचं आणि गाऱ्हाणी ऐकायची. तो आजही भरतो. पण गाऱ्हाणं ऐकलं म्हणजे मिटलं असं नव्हे. केसलापूरपासून जवळच, इंद्रवेल्लीला, 20 एप्रिल 1981 रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकड्याप्रमाणे 13 माणसं मेली, आणि लोक तो आकडा कधीच मानत आले नाहीत.

हे सगळं पैनगंगेपलीकडच्या मराठी माणसाला आदिवासींचं काहीतरी वेगळं म्हणून बघता येणार नाही. लग्नानंतर जोडप्यानं जेजुरीला, तुळजापूरला, माहूरला जाऊन येणं, घरी जागरण किंवा गोंधळ घालणं, ही भेटीच आहे. पुण्यातला एखादा संगणक अभियंता देवाबद्दल छेडलं तर खांदे उडवील, पण नव्या बायकोला घेऊन खंडोबाच्या पायऱ्या चढेल. त्याला ढोंगी म्हणणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. त्याच्या खांदे उडवण्यात एका प्रश्नाचं उत्तर आहे आणि पायऱ्या चढण्यात दुसऱ्याच. डॉ. श्रीराम लागूंनी देवाला आता निवृत्त करा असं जाहीर सांगितलं तेव्हा महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली! त्यांचा युक्तिवाद ऐकून घेणाऱ्यांची कुलदैवताची वारी मात्र चुकली नाही, कारण ती वारी युक्तिवादावर उभीच नव्हती. नरेंद्र दाभोलकरांनी हे नेमकं ओळखलं होतं. आपला विरोध देवाला नाही, देवाच्या नावानं चालणाऱ्या शोषणाला आहे, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

शोषण नसलं तरी उतरंड मात्र नागोबाच्या अंगणातही आहे. भेट झाली की सून आतली होते, याचाच अर्थ तोवर ती बाहेरची असते. त्याहून बोचणारी गोष्ट परधानांची. राजगोंडांच्या देवांच्या उत्पत्तिकथा, कुळांच्या वंशावळ्या, पहांदी कुपार लिंगाल आणि जंगूबाई यांची आख्यानं पिढ्यानपिढ्या तोंडपाठ ठेवली ती परधानांनी. किकरी नावाचं तंतुवाद्य वाजवत ते या कथा लावतात. त्यांच्यावाचून पेर्सा पेनची पूजा होत नाही. घरी त्यांची बोली मराठी, देवापुढे गोंडी. आणि ज्यांच्या देवाची सगळी स्मृती यांनी सांभाळली, ते गोंड यांच्या हातचं जेवत नसत, अशी नोंद हायमेनडॉर्फनं केली आहे. नातं जोडणारा देव नात्यातल्या पायऱ्याही पक्क्या करतो, हे श्रद्धेची थोरवी सांगताना झाकून ठेवता येत नाही.

नात्याच्या या उत्तराला आणखी एक मर्यादा आहे. रात्री दोन वाजता दवाखान्याच्या व्हरांड्यात पोराच्या उशाशी बसलेली बाई देवाचं नाव घेते, तेव्हा तिथं कूळ नसतं, जत्रा नसते, कुणी बघतही नसतं. तिथं ह्यूमचं म्हणणं जास्त खरं ठरतं. तरीही ती हाक कुणाला मारते? निर्गुण, निनावी अशा एखाद्या शक्तीला क्वचितच. ज्याच्यापुढे लग्नानंतर कधीतरी तिला उभं केलं होतं, त्याचंच नाव तिच्या तोंडी येतं. भीतीनं हाक निघते हे खरं, पण कुणाला मारायची ते आधीच ठरलेलं असतं.

2022 च्या डिसेंबरात केसलापुरात नागोबाच्या नव्या दगडी देवळाची प्रतिष्ठापना झाली. मेश्रामांनी त्यासाठी आपसांत वर्गणी काढली. देऊळ भक्कम आहे, कोरीवकाम डोळ्यांत भरणारं आहे, आणि सुनांची रांग दर वर्षी तिथं लागते. आता काळजी वाटावी ती परधानांच्या किकरीची. कथा लावणाऱ्यांची मुलं शाळेत तेलुगू आणि इंग्रजी शिकतात, घरी मराठी बोलतात, आणि गोंडीतली ती लांबलचक आख्यानं रात्रभर बसून पाठ करायला त्यांच्याकडे वेळही नाही आणि त्या विद्येला पूर्वीचा मानही मिळत नाही. पुढच्या पिढीतली सून नागोबापुढे उभी राहील तेव्हा ज्याच्या घरात आपण आलो त्याची गोष्ट तिला कोण सांगणार, याची तजवीज देवळाइतकीच वर्गणी काढून करायला हवी. किकरी धरणारे हात अजून शिल्लक आहेत, तोवर ती होऊ शकते.