होडीखालचं खळं

भातसा धरणाच्या पाण्यात होडी घातली की म्हातारा नावाडी डोंगर दाखवत नाही. वल्हं थांबवून खाली बोट करतो, "हितं आमचं खळं व्हतं, दादा."

तानसा 1892चं, मग मोडकसागर, मग भातसा. धरणं आमच्या डोंगरात, पाणी मुंबई-ठाण्याला. मुंबईकराची तहान काही खोटी नाही. पण उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातल्याच पाड्यांवर बाया टँकरची वाट बघतात. ज्याचं शेत बुडालं त्याचा हंडा आधी, की लांबच्या लाखोंचा? नुसती डोकी मोजून हा न्याय होईल, हे मला पटत नाही.

"त्यांना देऊ नका असं कोन म्हनतंय? आमच्या दारावरून नेता, तर आमचाही हंडा भरा की," तो म्हणाला आणि वल्हं मारू लागला.