गावाचे एकमत आणि एकट्याची साक्ष

निजामशाहीपासून पेशवाईपर्यंत अहमदनगरच्या मुलखात वतनाचा अथवा शिवेचा तंटा उपस्थित झाला म्हणजे मजलस भरे, आणि काजी, देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी यांच्याबरोबर बलुतेदारांच्याही समक्ष जो निवाडा ठरे त्याचा महजर लिहिला जाई. निरक्षर पाटील सहीच्या जागी नांगर काढी; शिवेच्या वादात तर महाराच्या सांगण्याला विशेष वजन असे. नाना जातिधर्मांच्या समाजाने एका कागदावर संमती नोंदवण्याची ही रीत आधुनिक लोकशाहीहून पुष्कळ जुनी आहे. मात्र तीत मनुष्य बोले तो वतनाच्या अधिकाराने, आणि ते वतनच अन्यायाचे असेल तर त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय त्या मजलशीत नव्हती.

वरच्या पातळीवर सुराज्य हा राज्यकर्त्याच्या शीलाचा प्रश्न मानला गेला. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर निजामशाहीचा सूत्रधार झाला, त्याने वसुलीची मक्तेदारी मोडली, जमिनीची प्रत पाहून धारा बसवला. आणि ज्यांच्या नावाने आता हा जिल्हा ओळखला जातो त्या चौंडीच्या अहिल्याबाईंनी महेश्वरी बसून माळव्याची रयत सांभाळली. परंतु अंबर 1626 मध्ये वारला आणि दहा वर्षांत निजामशाही बुडाली. सज्जन धनी गेल्यावर रयतेने काय करावे, याचे उत्तर त्या कल्पनेत नव्हते.

ऑगस्ट 1942 मध्ये नगरच्या किल्ल्यात काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सभासद स्थानबद्ध झाले. आझाद, पटेल, नरेंद्र देव, असफ अली अशी निरनिराळ्या प्रांतांची, पंथांची आणि मतांची ही मंडळी एका आवारात राहत असता नेहरूंनी 1944 च्या पाच महिन्यांत भारताच्या विविधतेतील ऐक्याचा मोठा ग्रंथ लिहून काढला. ग्रंथ उदार आहे, पण (हे थोडे धारिष्ट्याने म्हणतो) शतकांच्या विशाल पटावर दिसणारे ते ऐक्य महारवाड्यातून तसे दिसले नसते. महार वतनाविरुद्ध 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणणाऱ्या आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मसुदा मांडताना गावाला घटक मानण्याचे नाकारले आणि व्यक्तीला घटक धरले, तेव्हा मला वाटते सुराज्याच्या या विचाराने खरे वळण घेतले.

तरीही गाव संपले नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने पाणी अडवले, दारू हद्दपार केली, आणि त्या एकमताच्या भरात दारुड्यांना देवळापाशी खांबाला बांधून मारही दिला, हे अण्णा हजारे यांनी स्वतः कधी लपवलेले नाही. चमत्कार असा की माहितीच्या अधिकाराची राज्यातील चळवळही त्याच गावातून उभी राहिली. राज्याचा कायदा 2002 चा, केंद्राचा 2005 चा. आणि अर्जदाराला माहिती कशासाठी हवी हे विचारण्याची मुभा अधिकाऱ्यास नाही, ही त्यातील तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. दप्तराचा हिशेब मागणाऱ्याची जात कोणती आणि गाव त्याच्या पाठीशी आहे की नाही, यावर आता काही अवलंबून नाही, निदान कागदावर तरी.

कागदाबाहेर काय होते ते खर्ड्याने दाखवले. जामखेड तालुक्यातील हे गाव 1795 च्या लढाईसाठी प्रसिद्ध. तेथे एप्रिल 2014 मध्ये एका दलित मुलाची दिवसाढवळ्या हत्या झाली. खटल्यात अनेक साक्षीदार उलटले, आणि 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार संरक्षणाचा कायदा महाराष्ट्राने त्याच वर्षी केला. परंतु ज्याला सकाळी त्याच पाणवठ्यावर, संध्याकाळी त्याच पारापाशी आणि हंगामात त्याच मालकाच्या शेतात जायचे असते, त्याला पोलिसाचा पहारा किती दिवस पुरावा, हे अद्याप कोणत्याही सरकारने ठरवलेले दिसत नाही.