जिवाणी

माझ्या माहेरी विहीर होती आणि पाणी गाळायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं. घागरीच्या तोंडावर जाड दुहेरी गाळणं धरायचं, पाणी ओतायचं, आणि गाळण्यावर जे काही अडकलं असेल, डोळ्यांना दिसो वा न दिसो, ते गाळलेल्या पाण्यानं खळबळून परत विहिरीत सोडायचं. याला आमच्यात जिवाणी म्हणतात. तिचेही नियम. वरून धबकन ओतायचं नाही. बादलीच्या बुडाला कडी असायची. बादली पाण्याला टेकली की दोराला हिसका देऊन तिथेच ती अलगद उपडी करायची. आणि ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत सोडायचं. एकदा मी कंटाळून आजीला म्हटलं, "पाणी ते पाणी, शेजारच्या विहिरीत टाकलं तर काय बिघडलं?" आजी म्हणाली, "तुला शेजारच्यांच्या घरी नेऊन सोडली तर चालेल?"

हे आजीचं बोलणं मला पुन्हा आठवलं ते २०२४ च्या महावीर जयंतीला, २१ एप्रिलच्या रात्री, एका काचेच्या टाकीसमोर.

आम्ही रामनगरला राहतो, जोयडा तालुक्यात. उत्तर कन्नड म्हटलं की लोकांना कारवारचा समुद्र आठवतो, पण आमच्या तालुक्याला समुद्र नाही. इथे जंगल आहे, आणि काळी नदी आहे. ती याच तालुक्यात डिग्गीला उगम पावते आणि कारवारला समुद्राला मिळते. अशा ठिकाणी माझ्या मुलानं घरात समुद्र आणला. घरून काम करायचं होतं तेव्हा त्याला हा छंद लागला. साडेतीन फुटांची टाकी, शुद्ध केलेलं पाणी, त्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम खास मीठ, खडक, वाळू, पंप. दोन केशरी-पांढरे क्लाउनफिश, एक निळा डॅमसेल आणि एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी. मी नाक मुरडलं तेव्हा तो म्हणाला, "आई, क्लाउनफिश समुद्रातून धरलेले नाहीत, हॅचरीत जन्मलेत." मला ते पटलं. खरं सांगायचं तर ते पटवून घ्यायला सोपं होतं. पुढे कंपनीनं त्याला बंगळूरला बोलावलं. तो गेला, टाकी राहिली.

हळूहळू मलाही तिचा लळा लागला. सकाळी काचेजवळ गेलं की दोघंही पुढे यायचे. मी त्याला प्रेम समजत होते. ते खाण्यासाठी येतात हे कळत होतं, तरीही.

त्या दिवशी आम्ही बेळगावला मिरवणुकीला गेलो होतो. सासूबाई तेवढ्या घरी होत्या. 'जगा आणि जगू द्या' असं दिवसभर ऐकून आणि म्हणून रात्री आठला घरी आलो. टाकीपाशी गेले तर मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होते. कोळंबी तळाशी आडवी पडली होती, तिचा लाल रंग फिकट झाला होता. काचेवरच्या तापमापकात साडेतेहेतीस अंश. एरवी आम्ही पंचवीस-सव्वीसवर ठेवतो.

मुलाला फोन लावला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "हीटरचा प्लग काढला होतास ना?"

आमच्याकडे थंडीत रात्री चांगलाच गारठा असतो, म्हणून टाकीत छोटा हीटर आहे. पाणी पुरेसं गरम झालं की तो आपोआप बंद होतो. पण ती कळ कधी कधी अडकते आणि हीटर चालूच राहतो. म्हणून मार्चमध्येच मुलगा म्हणाला होता, "उन्हाळ्यात प्लगच काढून ठेव." मी "हो, काढते" म्हटलं होतं. पापड, सांडगे, मिरच्या या गडबडीत ते राहून गेलं.

पाण्याचं गणित त्या रात्री मला नीट कळलं. गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो. पाणी तापलं की आणखी कमी. आणि त्याच वेळी गरमीनं माशाचं शरीर जास्त प्राणवायू मागू लागतं. पाणी स्वच्छ, खाणं भरपूर, आणि तरी जीव गुदमरतो. आणि घाईनं थंड करावं तर तेही चालत नाही. बर्फ थेट ओतला तर खारेपणा बिघडतो, आणि गारठ्याच्या धक्क्यानं उरलेले जातात. तासाला फार तर एखादा अंश उतरवायचा. झाकण काढायचं, दिवा बंद करायचा, पाण्यावर पंखा सोडायचा. माठातलं पाणी जसं झिरपून गार होतं, तसंच हे. वाफ होऊन जातं ते पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची.

बर्फ आमच्या घरात नसतो, तो अभक्ष्यात मोडतो. शेजारच्या मावशींनी फ्रीजरमधल्या चार बाटल्या आणून दिल्या. बूच घट्ट लावून एकेक बाटली पाण्यात तरंगत सोडायची. अकराच्या सुमाराला वीज गेली. याच तालुक्यात गणेशगुडीला सुप्याचं एवढं धरण, तिथे वीज तयार होते, आणि आमच्याकडे अंधार. इन्व्हर्टरवर टाकीचा पंप आणि एक पंखा एवढंच चालतं, आणि तो पंखा सासूबाईंच्या खोलीत. त्यांचं वय ब्याऐंशी. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "पंखा तिकडे ने."

त्या झोपल्या नाहीत. खुर्ची ओढून टाकीजवळ बसल्या आणि जुना विंझणा काढून पाण्यावर वारा घालू लागल्या. सूर्यास्तानंतर त्या पाण्याचा थेंबही घेत नाहीत. सामायिकाला बसल्या की स्वतःसाठी पंखा लावू देत नाहीत, वायुकायिक जिवांची विराधना होते म्हणून. मी म्हटलं, "आई, हे चालतं?" त्या म्हणाल्या, "चालत नाही. पण आता यांना कोण आहे?"

पहाटे पारा अठ्ठावीसवर आला. दोन्ही क्लाउनफिश वाचले. डॅमसेल आणि कोळंबी गेली.

दुसऱ्या दिवशी ज्याला त्याला मी सांगत होते, "रात्रभर जागून दोघांना वाचवलं." लोक म्हणत, "केवढं पुण्य!" ऐकायला बरं वाटायचं. चार दिवसांनी ते टोचायला लागलं.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी आधी प्रमाद धरला आहे. प्रमादातून, म्हणजे बेसावधपणातून जिवाचे प्राण जाणं ती हिंसा. माझा न काढलेला प्लग त्यात बरोबर बसतो. पण मी आणखी मागे गेले. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार लहानपणी पाठ केले होते: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. यांत पहिला बंध. मारणं, कापणं, उपाशी ठेवणं हे सगळं नंतर. आधी बांधून ठेवणं, कारण एकदा बांधलं की बाकीच्या चारांना दार उघडं होतं. मोकळ्या समुद्रातला मासा पाणी तापलं तर खोल जाईल, दुसरीकडे जाईल. काचेतल्या माशाचं सगळं माझ्या आठवणीवर टांगलेलं. माझी चूक प्लगपाशी सुरू झाली असं मी समजत होते. ती टाकी भरली त्या दिवशीच सुरू झाली होती, आणि तेव्हा ती चूक अजिबात दिसत नव्हती, हौस दिसत होती.

खाण्याचीही तीच गत. गोठवलेले बारीक जीव मी घरात येऊ दिले नाहीत, डब्यातल्या कोरड्या गोळ्याच आणल्या. मग एकदा चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. गोळ्यांतही मासळीची भुकटी.

मग वाटलं, सोडून द्यावेत. जिवाणी करावी. काळी नदी जाते त्या कारवारच्या समुद्रात नेऊन सोडावेत. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, ते समुद्रात कधी राहिलेच नाहीत. टाकीतला एखादा रोग तिथल्या माशांना लागला तर?" म्हणजे जिवाणीचा पहिलाच नियम आडवा आला. ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत. पण यांना विहीरच नाही. आणि समुद्र तरी कुठे गार राहिलाय? त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेनं जगभरातले प्रवाळ तापलेल्या पाण्यानं पांढरे पडत असल्याचं जाहीर केलं होतं. मे महिन्यात लक्षद्वीपच्या प्रवाळांबद्दल आपल्या शास्त्रज्ञांनीही तेच सांगितलं. तिथला प्लग कोणी काढायचा?

शेजारच्या मावशींचं मूळ गाव सुपं. धरणाच्या पाण्याखाली गेलं, म्हणून ती माणसं रामनगरला आली. टाकी पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "यांचं गाव कुठलं हो?" मी हसले होते. आता हसू येत नाही. परत जायला जागा उरत नाही, याचा अर्थ त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो.

विचार करून मी एवढ्यावर आले आहे. ज्या जिवाला आपण त्याच्या पाण्यातून काढलं, किंवा ज्याला पाणी मिळूच दिलं नाही, त्याच्यासाठी आपण जे करतो ती दया नाही. ते देणं आहे. कर्ज फेडणाऱ्याला कोणी दानशूर म्हणत नाही. त्या रात्रीचा पंखा, बाटल्या, जागरण हा सगळा हप्ता होता. पांजरपोळात म्हातारी गाय शेवटपर्यंत सांभाळतात, तसं या दोघांना सांभाळायचं. त्यांच्यात नवा जीव आणून घालायचा नाही. आणि ते खातात त्या गोळ्यांचा दोष माझ्याच खात्यावर मांडायचा, तो कशानंही पुसायचा नाही.

हीटरचा प्लग आता मार्चच्या पहिल्या तारखेला निघतो, कॅलेंडरवर खूण आहे. रोज संध्याकाळी अंथऊ झालं की सासूबाई विचारतात, "किती आहे?" मी आकडा सांगते. टाकी रिकामी झाली की तीत तांदूळ साठवू, असं त्या म्हणायच्या. नीट सांभाळला तर क्लाउनफिश वीस वर्षंसुद्धा जगू शकतो, हे मी त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या.

मग म्हणाल्या, "तुझ्यानंतर कोण बघेल, ते आत्ताच ठरवून ठेव."